तिसऱ्या तंबूशी थांबणारा घोडा

नारीनच्या बाजारात कालिपा एजे, म्हणजे कालिपाताई, शिरली की बटाटे विकणाऱ्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारतात. "आली गं, विचारणारी आली! आपापली मतं तयार ठेवा." हे मत म्हणजे नेमकं काय आणि ते घेऊन ही बाई करते काय, हे मात्र बाजारात कुणालाच धड ठाऊक नाही. ती विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण शास्त्र म्हटलं की काहीतरी उकळायला नाहीतर फुटायला हवं, अशी लोकांची साधी अपेक्षा असते. कालिपाकडे उकळतो तो फक्त चहाचा समोवार.

सादिर खाटकाने एकदा गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं होतं, "अहो, सोपं आहे. एजे आपल्याला विचारते, तुम्हाला काय वाटतं? मग ती राजधानीला, बिश्केकला कळवते. मग बिश्केकवाले त्यांना करायचं तेच करतात. पण विचारून करतात."

हे कालिपाच्या कानावर गेलं, तशी ती तडक दुकानात हजर. "सादिर, हे तुझं मत की आणखी कुणाचं?"

"सगळेच म्हणतात, एजे."

"सगळे म्हणजे कोण कोण?"

सादिरने सुरा खाली ठेवला, डोकं खाजवलं आणि तिला चांगला तुकडा काढून दिला. सुटकेचा तोच एक मार्ग होता.

हे 'सगळे' म्हणजे कालिपाच्या जन्माची शिकार. पन्नाशी ओलांडली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती त्यांच्या मागावर आहे. घराघरांत त्यांचा धाक आहे, लग्नं ते ठरवतात, मयताला काय शिजवायचं ते ठरवतात, आणि भेटायला जावं तर घरी कधीच नसतात.

लहानपणापासूनच ही अशी. शेजारी लग्न झालं की दुसऱ्या दिवशी पोरगी दारोदार फिरून विचारायची, नवरी आवडली का? आई म्हणायची, हिचं तोंड शिवून टाका कुणीतरी. तोंड काही शिवलं गेलं नाही. लग्न मात्र झालं, तेही तुरारशी. तुरार लोकांना मोटार शिकवतो आणि जात्याच अबोल. बायकोच्या प्रश्नावलीत प्रत्येक प्रश्नाखाली शेवटचं एक उत्तर असतं, 'सांगता येत नाही'. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने ते पाठ करून टाकलं. रात्री काय शिजवू? सांगता येत नाही. माझ्या आईला बोलावू का? सांगता येत नाही. या तीन शब्दांवर त्याने संसार सुखाचा केला, असं त्याचे मित्र म्हणतात.

कालिपाचा विषय मयताच्या जेवणाचा. आमच्याकडे माणूस गेला की घोडा पडतो, आणि वर्ष झालं की आश, म्हणजे गावजेवण, आणि त्याला पुन्हा घोडा. गेलेला एकटाच जातो. मागची माणसं मात्र पुढची काही वर्षं जेवण फेडत बसतात. बिश्केकमधल्या एका समितीला प्रश्न पडला होता, की या जेवणांवर काही मर्यादा घालावी का, आणि गरीब घराला मयतासाठी मिळणारी सरकारी मदत थेट कढईत जाऊ नये म्हणून काय करावं? लोकांना काय हवंय ते आधी बघा, असं म्हणून त्यांनी कालिपाला कामाला लावलं.

आता लोकांना विचारायचं कसं? उन्हाळ्यात सगळे वर कुरणावर लोकरी नमद्याच्या तंबूंत मुक्कामाला. तंबूत शिरावं तर आत सासू, सासरे, चुलते, दोन शेजारी आणि एखादा पाहुणा. विचारलं, "जेवणाला घोडा कापावा का?" की घरधनी एकदा सगळ्यांकडे बघणार आणि छाती काढून म्हणणार, "रिवाज आहे. कापायलाच हवा." बाकीचे माना डोलावणार. कालिपा लिहून घेणार. मग घरधनी तिला पोचवायला बाहेर येणार, रिकिबीत तिचा पाय अडकवून देणार आणि तेवढ्यात हळूच पुटपुटणार, "एजे, लिहू नका, पण माझ्या मनातलं विचाराल तर बंद करा ही कटकट. आतल्यांना पटायचं नाही." पुढच्या तंबूत तेच. त्याच्या पुढच्याही. आत एक मत, रिकिबीत दुसरं. जबाब घेता घेता चहा आणि किमीझ, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यावा लागे तो वेगळाच. पहिल्याच फेरीला वाडग्यावर तळवा ठेवून नको म्हणणारा माणूस आमच्याकडे एक तर आजारी असतो, नाहीतर भांडायला आलेला. त्यामुळे कालिपाच्या संशोधनाचं खरं ओझं तिच्या पोटाने वाहिलं.

आणि उरलेलं तोरूने.

तोरू म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, शार्शेन म्हाताऱ्याचा लाल घोडा. अशा मऊ चालीचा की पाठीवर बसून वाडगाभर चहा प्यावा. म्हातारा त्याला चाबूक लावू देत नसे, दुसऱ्या कुणाला बसूही देत नसे. पण सून मतं गोळा करायला निघाली की लगाम स्वतः तिच्या हातात द्यायचा. "जा, विचारून ये. मला कुणी काही विचारत नाही, निदान शेजाऱ्यांना तरी विचार." कालिपाचा नियम होता, ओळीतला दर तिसरा तंबू घ्यायचा, आवडीनिवडीला वाव नको. दोन उन्हाळे गेले आणि तोरूला तो नियम पाठ झाला. पहिला तंबू, चालत राहायचं. दुसरा तंबू, कुत्री भुंकू देत, चालत राहायचं. तिसऱ्याच्या दारात थांबायचं आणि मान खाली घालून गवताला लागायचं. एकदा तिसरा तंबू तिच्या जावेच्या माहेरचा निघाला. त्या घराशी कालिपाचं बोलणं नव्हतं. तिने टाच मारली, ओढून पाहिलं. तोरू ढिम्म हलला नाही. शेवटी उतरावं लागलं, चहा झाला आणि जुनं भांडणही मिटलं. "माझ्या हाताखालच्यांत नियमाने काम करणारा हा एकटाच," असं ती विद्यापीठात उघड सांगायची. हाताखालची माणसं कसंनुसं हसायची.

गेल्या शरदात म्हातारा गेला. यंदाच्या शरदात त्याची आश. आणि म्हाताऱ्याच्या आशेला म्हाताऱ्याचाच घोडा, ही जुनी रीत. वसंतातच थोरला दीर जापार सांगून मोकळा झाला होता, "तोरूला चारा कमी पडू देऊ नका." कसला चारा आणि कशासाठी, ते तोरू सोडून सगळ्यांना कळलं. त्या उन्हाळ्यात घोडा दिवसेंदिवस तकतकीत दिसायला लागला, आणि प्रत्येक माणूस त्याची पाठ थोपटून "वा, काय भरलाय!" म्हणाला की कालिपा लगाम ओढून पुढे निघायची.

बोलायची मात्र सोय नव्हती. शहरात ती प्राध्यापिका. पण सासरच्या गावी, आक-मोयूनला, उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं की ती केलिन, घरची सून. केलिनने चहा ओतायचा. घरातल्या वडिलधाऱ्यांच्या बैठकीत तिने तोंड उघडायचं ते वाडगा पुढे करताना "घ्या" म्हणण्यापुरतं.

म्हणून तिने शास्त्राचा आधार घ्यायचं ठरवलं. लोकांना खरोखर काय हवंय त्याचा आकडा हातात आला, तर तो समितीपुढेही ठेवता येईल आणि दिरापुढेही. आणि रिकिबीतलं मत तंबूत आणायची एक युक्ती तिला सापडली. मेंढीच्या घोट्याचं हाड घ्यायचं, ज्याच्यावर आमच्याकडे पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे खेळतात. जबाब देणाऱ्याने ते पडद्याआड जाऊन एकट्याने टाकायचं. हाडाच्या चार बाजूंपैकी अलची नावाची पडली, तर मनात काहीही असो, बाहेर येऊन म्हणायचं, 'घोडा कापायलाच हवा.' दुसरी कुठलीही बाजू पडली, तर मनातलं खरं सांगायचं. म्हणजे ऐकणाऱ्यांना कळायचंच नाही की बोलतोय कोण, माणूस की हाड. कुणी म्हणाला नको, कुणी म्हणाला हवा, दोघांचीही अब्रू शाबूत. अलची किती वेळा पडते याचा अंदाज असतोच. शेवटी बेरजेतून तेवढा हाडाचा वाटा वजा केला की उरतं ते माणसांचं मत. बिश्केकमधले तिचे वरिष्ठ या युक्तीवर बेहद्द खूश झाले. त्यांच्यातल्या एकानेही लहानपणी हाडं खेळलेली नसावीत.

पहिलाच तंबू मुकाम्बेत अक्साकालचा, म्हणजे पांढऱ्या दाढीच्या जाणत्याचा. वयाने आणि दाढीने त्या खोऱ्यात सगळ्यांत मोठा, आणि तरुणपणी हाडांच्या खेळात ज्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं असा माणूस. कालिपाने सगळं समजावलं. म्हाताऱ्याने हाड तळहातावर तोलून पाहिलं, "हलकं आहे" असा शेरा मारला आणि वेताच्या पडद्याआड गेला. आतून टक्, असा आवाज आला. मग शांतता. मग पुन्हा टक्. आणखी एकदा. आणि मग म्हातारा हाड उंच धरून बाहेर आला.

"अलची!"

"बाइके," थोरल्या पुरुषाला म्हणतात तसं कालिपा म्हणाली, "ते सांगायचं नव्हतं हो."

"का नाही सांगायचं? पहिल्या फटक्यात पडली!"

"तीनदा आवाज आला," चुलीपाशी बसलेली त्याची बायको म्हणाली.

"दोनदा हात साफ केला! तू लिही गं केलिन, मुकाम्बेतला अलची पडली. या वयात!"

आता अलची ही खेळातली जिंकणारी बाजू. ती पडली नाही, असं चारचौघांत कबूल करणारा गडी नारीनच्या पहाडात अजून जन्मायचाय. मुकाम्बेतला पडली म्हटल्यावर शेजारच्याला पडली, त्याच्या मेहुण्याला पडली, आणि मेहुणा एकदा कझाक चुलतभावाला हरला होता म्हणून त्याला सलग पडली. संध्याकाळपर्यंत बातमी कुरणभर झाली. पुढच्या तंबूंत लोक आपापली हाडं घेऊन तयार बसले होते. एकाने आपल्या हाडात शिसं ओतलं होतं. "एजे, शास्त्रासाठी थोडं वजन हवं ना?" जो तो पडद्यातून "अलची!" ओरडत बाहेर यायचा आणि प्रश्न काय होता तेच विसरायचा. कालिपाने घरी बसून हिशेब मांडला. हाडाचा वाटा वजा केला तर खोऱ्यात माणसंच शिल्लक राहत नव्हती.

"एवढी वर्षं या लोकांत काढली," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि झाकायला बाजू निवडली कुठली, तर जी जगाला दाखवावीशी वाटते ती! मला अक्कल आहे की नाही?"

"सांगता येत नाही," तुरार म्हणाला.

एक गोष्ट मात्र तिच्या मनात रुतून बसली होती. त्या दिवशी निघताना मुकाम्बेतने तिचा पाय रिकिबीत अडकवला आणि तोरूच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. "असा चालीचा घोडा आता कुठे मिळतो? कापायचा म्हणजे... जाऊ दे. लिहू नकोस. जापारला वाईट वाटेल."

शरद आला. आशेच्या आधी घरची बैठक भरली. दुपारची वेळ, बैठकीत गाद्या अंथरलेल्या. दारासमोर मानाच्या जागी गावचा वडीलधारा म्हणून मुकाम्बेत, आणि सासूबाई सेयिल, ज्यांना घरात आपा, म्हणजे आई, म्हणतात. त्यांच्या शेजारी जापार, मग चुलते, मग तुरार. आणि दारापाशी समोवारजवळ, डोक्याला रुमाल बांधून, कालिपा. खिडकीतून अंगणात बांधलेला तोरू दिसत होता. तो शांतपणे कुणाची तरी टोपी चघळत होता.

जापारने खाकरून सुरुवात केली. "तर तोरूचं ठरलेलंच आहे. सगळ्यांची तशी इच्छा आहे."

"रिवाज आहे," एक चुलते म्हणाले.

"यांना पायी पाठवायचं का वर, घोड्याशिवाय?" सेयिल आपा म्हणाल्या, पण हे म्हणताना त्यांनी खिडकीकडे पाठ केली.

"लोकांची अपेक्षा असते," मुकाम्बेत दाढीला म्हणाला.

कालिपा ओतता ओतता थबकली. सगळी बैठक जमिनीकडे बघत होती, आणि तिच्या आयुष्यभराचं संशोधन तिच्यासमोर मांडी घालून बसलं होतं. इथे रिकीब नव्हती, पडदा नव्हता. बोलायचा हक्क नव्हता. होता तो फक्त चहा.

तिने पहिली फेरी सुरू केली. रीतीप्रमाणे वाडगे अर्धेच भरायचे, म्हणजे पाहुण्याला पुन्हा मागता येतं. काठोकाठ भरलेला वाडगा म्हणजे 'प्या आणि उठा'. एकेकापुढे ती वाकली, उजव्या हाताने वाडगा पुढे केला, डाव्या हाताने कोपर धरलं, आणि वाडगा देता देता ओठ न हलवता पुटपुटली. मुकाम्बेतला म्हणाली, "बाइके, तुमच्या मनातून घोडा वाचावा असं असेल, तर पुढच्या फेरीला वाडग्यावर हात ठेवा. लोकांना वाटेल, चहा नको असेल. कळेल ते फक्त मला." जापारलाही तेच. चुलत्यांनाही तेच. तुरारलाही, वर "आज 'सांगता येत नाही' चालणार नाही" हे जोडून. सासूबाईंपुढे मात्र तिची जीभ रेटली नाही. त्यांना ती नुसतं "घ्या, आपा" म्हणाली.

मग समोवारपाशी जाऊन किटली भरली, मनात देवाचं नाव घेतलं, आणि दुसऱ्या फेरीला निघाली.

मुकाम्बेतने छताकडे बघत वाडग्यावर हात ठेवला. त्याच्या शेजारी सेयिल आपा. त्या विचारात होत्या, कालिपा त्यांना सोडून पुढे गेली. जापारने खोकल्यासारखं केलं आणि आपला रुंद पंजा वाडग्यावर पसरला. पहिल्या चुलत्यांनी ठेवला. दुसऱ्यांनी ठेवला. तिसऱ्यांनी इतक्या घाईने ठेवला की तळवा पोळला. तुरारने दोन्ही हात ठेवले.

किटली भरलेलीच राहिली. आणि मग एकेकाने चोरून शेजाऱ्याकडे पाहिलं.

वर्षभराच्या शोकाच्या बैठकीत, दुसऱ्याच फेरीला, भरल्या घरात एकालाही चहा नको! आजारी तर कुणीच नव्हतं. जापारने चुलत्याच्या हाताकडे पाहिलं, चुलत्याने मुकाम्बेतच्या, मुकाम्बेतने जापारच्या. मुकाम्बेतची दाढी थरथरायला लागली; हसू दाबताना ती तशीच थरथरायची.

"हे काय चाललंय?" सेयिल आपांनी विचारलं. "चहात माशी पडली का? केलिन, काय केलंस तू?"

कालिपा किटली धरून उभी. "काही नाही, आपा. मी विचारलं."

"काय विचारलंस?"

"तू तर म्हणालीस कुणाला कळणार नाही!" जापार एकदम ओरडला आणि ओरडल्यावर लाजला.

"मी कुणाला सांगितलं का, बाइके? तुम्हीच एकमेकांचे हात बघताय."

आता म्हातारीच्या ध्यानात आलं. ती थोरल्या मुलाकडे वळली. "म्हणजे तुला नको होतं? आणि वसंतापासून चारा चारा करतोयस तो कशाला?"

"आपा, तुला वाटत होतं म्हणून!"

"मला? मला तुझी काळजी होती. थोरला मुलगा, बापाच्या आशेत कमी पडला असं व्हायला नको. मुकाम्बेतला तरी काय वाटलं असतं?"

"मला काय वाटणार?" मुकाम्बेत म्हणाला. "मला तर या घराची इच्छा दिसली."

"मग वाटत होतं कुणाला?"

"सगळ्यांना," धाकटे चुलते म्हणाले आणि खरोखरच दाराकडे बघायला लागले, जणू ते 'सगळे' बाहेर जोडे काढत असावेत.

कालिपाच्या हातातली किटली जड झाली होती. हात ठेवले होते सगळ्यांनी, पण घर म्हातारीचं, नवरा म्हातारीचा, आणि तिचा वाडगा अजून उघडा होता. सेयिल आपा सावकाश खिडकीकडे वळल्या. तोरूने टोपी चघळून संपवली होती आणि आता तो टोपीच्या मालकाला शोधत होता.

"यांनी मरताना मला एकच सांगितलं होतं," म्हातारी म्हणाली. "घोड्याला चाबूक लावू देऊ नकोस. आणि मी सुरी लावायला निघाले होते, तेसुद्धा तुमच्या तोंडाकडे बघून. केलिन!"

"हं, आपा."

"माझा वाडगा भर. काठोकाठ."

कालिपाने भरला. म्हातारीने तो सगळ्यांना दिसेल असा धरला, म्हणजे बैठक संपली, उठा. एका दमात संपवला आणि तोंड पुसून म्हणाली, "बैल बघा एखादा."

आश झाली. बैलाचं मांस चिवट होतं आणि लोकांनी ते चवीने खाल्लं. 'तोरूला काहीतरी रोग असणार, म्हणून कापला नाही,' इथपासून 'प्राध्यापिकेने सासूला चहातून काहीतरी पाजलं,' इथपर्यंत आठवडाभर गावाला पुरेल एवढं बोलणं झालं. पण त्याच हिवाळ्यात आक-मोयूनमध्ये आणखी दोन आशी झाल्या आणि दोन्हींना बैलच पडला. मुकाम्बेतने कालिपाला गाठून बजावलं, "माझ्या वेळीही घोडा नको. पण मी सांगितलं असं सांगू नकोस."

समितीला कालिपाने कळवलं की हाडाची रीत आमच्या लोकांत चालत नाही, चहाची चालते. त्यावर बिश्केकहून विचारणा आली, ही चहाची पद्धत इतर जिल्ह्यांत वापरता येईल का? तिने उत्तर पाठवलं, येईल, पण प्रत्येक गावात एकदाच.

हे किती खरं, ते तिला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. तोरू कुरणातून चालला होता, गुबगुबीत आणि जरा गर्विष्ठ. पहिला तंबू गेला, दुसरा गेला, तिसऱ्याशी तो थांबला. मुकाम्बेतचा तंबू. म्हाताऱ्याने तिला हाताला धरून आत नेलं, मानाच्या जागी बसवलं. त्याच्या बायकोला गुडघेदुखी, म्हणून कालिपानेच सवयीने किटली उचलली आणि वाकून वाडगा पुढे केला.

मुकाम्बेतचा हात अर्ध्यावर थांबला.

"आधी सांग," तो म्हणाला. "घेतला तर काय आणि नाही घेतला तर काय?"

"नुसता चहा आहे, बाइके."

"तेव्हाही नुसता चहाच होता."

तो वाडगा न घेता बराच वेळ बायकोकडे बघत बसला. ती घेते की नाही ते बघून मग त्याला ठरवायचं होतं. आणि त्याची बायको त्याच्याकडे बघत बसली होती. बाहेर तोरू निवांत गवताला लागला होता. मतं यायला किती वेळ लागतो, ते त्याला अनुभवाने ठाऊक होतं.